ग्रहणाच्या आधीचा ताप

भिवंडी,
शुक्रवार, दुपार

प्रिय मृणाली,

हे पत्र बाबांच्या हाती देतेय. रविवारी सकाळी ते दिघाशीला तुझ्याकडे येतील. सोबत थोडे सुके बोंबील आहेत आणि भाविकासाठी शिवलेली दोन झबली. रोज फोनवर बोलणारी आई आज पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. बुधवारपासून मी तीनदा फोन केला तो हेच सांगायला. पण तू फोन स्पीकरवर टाकून कामं करत असतेस, मागे सासूबाईंचा आवाज येतो, कुकरची शिट्टी होते, आणि मी "जेवलीस का" एवढं विचारून ठेवून देते. तुझी आई एवढी भित्री आहे हे तुला ठाऊक नव्हतं. मलाही ते अलीकडेच कळलं.

आधी भाविकाचं बोलू. गेल्या रविवारी मी आले होते तेव्हा ती सतरंजीवर पडून हातपाय मारत होती. साडेतीन महिन्यांच्या पोरीच्या तोंडावर तो इलॅस्टिकने बांधलेला जाड चष्मा म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकाच! माझ्या हातात वरणाची रिकामी वाटी होती, स्टीलची. उजेडात ती चमकली आणि भाविका थांबली. डाव्या डोळ्याने टक लावून वाटीकडे बघायला लागली. मी वाटी हळूच बाजूला नेली, तशी तिची मानही वळली. मी तुला हाक मारली, मृणाली, अगं ये, बघ कशी बघतेय. तू ओढणीला हात पुसत दारापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "आई, तूच बघ. मला नाही तिच्या डोळ्यांत बघवत." आणि परत आत गेलीस. मी बराच वेळ वाटी हलवत बसले होते. ती हसली गं. मला वाटलं, हे हसू जिचं आहे ती आत ओट्यापाशी उभी आहे.

त्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तो एक डोळा झाला. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायची तारीख मात्र दोनदा टळली. पहिल्यांदा प्रितेशरावांना गोडाऊनमधून सुट्टी मिळाली नाही, शिफ्टचं काम आहे, ते मी समजू शकते. दुसऱ्यांदा तूच नको म्हणालीस. अमावास्येला ग्रहणाची शांती करायची ठरलीय, आधी ती होऊ दे, मग डोळा. मी फोनवर "बरं" म्हटलं. आता तिसरी तारीख येत्या मंगळवारची आहे आणि तू अजून "बघू" म्हणतेस. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्याला किती शांतपणे समजावलं होतं, आठवतंय? बाळ बघायला शिकतं ते याच महिन्यांत. या दिवसांत डोळ्यात उजेड गेला नाही, तर पुढे मोतीबिंदू काढूनही तो डोळा बघायचं शिकत नाही. अमावास्या मंगळवारनंतर अठरा दिवसांनी आहे. मी कॅलेंडर काढून पाहिलं. तेव्हापासून मला चैन नाही.

ग्रहणाचं तू मला बाळंतपणानंतर एकदाच सांगितलंस आणि पुन्हा त्यावर बोलली नाहीस. भाद्रपदातलं ते ग्रहण, तुला चौथा महिना, वेध दुपारीच लागलेले. सासूबाईंनी बजावलं होतं, सुरी-कात्रीला हात लावायचा नाही, एका जागी बसून राहायचं. पण कारखान्यातून घरी कामाला आणलेल्या कुर्त्यांचा गठ्ठा संध्याकाळच्या टेम्पोत जायचा होता, आणि शिवणीचे लोंबते धागे कापल्याशिवाय तिकडे माल घेत नाहीत. तू खोलीचं दार लोटून घेतलंस आणि सगळे धागे कापून टाकलेस. फक्त खाली पडलेले तुकडे उचलायला विसरलीस. सासूबाईंनी ते पाहिले. मग भाविकाच्या बुबुळांत पांढरं दिसायला लागलं तेव्हा त्या बोलल्या, "धागं न्हाय कापलंस गं, पोरीची नजर कापलीस."

त्या वाईट बाई नाहीत, मृणाली. भाविकाला अंघोळ त्याच घालतात, आणि कशा हलक्या हाताने घालतात ते मी पाहिलंय. त्यांना जे लहानपणापासून सांगितलं गेलं तेच त्या बोलल्या. पण तू ते वाक्य उचललंस आणि अंगावर घेऊन बसलीस. तेव्हापासून तू कात्रीला हात लावत नाहीस. भाजीसुद्धा सासूबाई चिरतात. त्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वर्षभर गरोदर बायकांना भाविकाजवळ येऊ देऊ नका. तिच्या अंगात तो आजार अजून आहे, त्यांना लागू शकतो, म्हणून. शेजारची सून पाच महिन्यांची, तिला तू दारातूनच परत पाठवलंस, ते अगदी बरोबर केलंस. पण गल्लीत त्याचा अर्थ भलताच झाला, की या लेकराची सावली वाईट. तू ते ऐकलंस आणि खिडकी लावून घेतलीस. मला बाबांकडून कळलं.

तुला एक गंमत सांगू? तू पोटात होतीस, सहावा महिना, आणि पहाटेचं ग्रहण होतं. तुझी आजी अंबाडीला रीमाआत्याकडे गेली होती, म्हणजे मला सांगणारं घरात कुणी नव्हतं. बाबांनी खाडीवरच्या ओळखीच्या माणसाकडून टोपलीभर ओले बोंबील आणले होते. ते नासतील म्हणून मी पहाटे उठून, मोरीत पाटावर बसून, एकूण एक बोंबलाचं डोकं उडवलं. सगळं साफ करून उठले तेव्हा ग्रहणाची आठवण झाली. मी रडायच्या बेताला आले. बाबा म्हणाले, "आता रडून काय, बोंबलांची माफी माग." आणि तू जन्माला आलीस ती अशी, की दोन वर्षांची असताना छतावरची मुंगी मला दाखवायचीस.

ही बोंबलांची गोष्ट मी तुला केव्हाच सांगू शकले असते. तू हसली असतीस, निदान थोडी मोकळी झाली असतीस. मी सांगितली नाही. कारण ग्रहण नाही तर मग काय, असं तू विचारलं असतंस, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

श्रावणात, नागपंचमीला तू माहेरी आली होतीस. दुसरा महिना सरत आला होता, आपण अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. आल्यावर दोन दिवसांनी तुला कणकण आली. कानामागे गाठी सुजल्या, मग चेहऱ्यावर आणि मानेवरून खाली बारीक गुलाबी पुरळ. आपल्या गल्लीतल्या दोन-तीन पोरांनाही तसंच आलं होतं आणि ती पोरं पुरळासकट क्रिकेट खेळत होती. मी म्हटलं, उष्णता बाहेर पडतेय. सब्जाचं पाणी पाजलं, चंदन उगाळून लावलं. तिसऱ्या दिवशी तू आरशात बघून म्हणालीस, "गेलं बघ." तू दिघाशीला परत गेलीस आणि मी ते विसरूनही गेले. ग्रहण यायला तेव्हा अजून महिना होता.

भाविकाच्या रक्तात त्याच तापाची खूण निघाली. रुबेला. मोठ्या माणसाला तीन दिवसांचं पुरळ, पण बाईच्या पोटात बाळ नुकतंच घडत असेल तर तो आजार थेट त्या बाळापर्यंत जातो. डोळे, कान, हृदय, जे घडत असेल त्यावर. आपण दोघी डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो. त्यांनी तुला विचारलं, शाळेत असताना गोवर-रुबेलाचं इंजेक्शन घेतलं होतंस का? तू लगेच म्हणालीस, "हो, घेतलंय ना. शाळेत नाही, आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांकडे. अंगठ्यावर खूणपण केली होती." इतक्या खात्रीने बोललीस की त्या जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, क्वचित कुणाला घेऊनही होतं. बाहेर बाकावर येऊन बसल्यावर तू म्हणालीस, "आई, मी तर इंजेक्शन घेतलेलं. एवढ्या बायकांत मग मलाच का व्हावं? सासूबाई बरोबर बोलतात. ग्रहणच." भाविका माझ्या खांद्यावर होती. मी तोंड उघडलं आणि तिचं दुपटं नीट केलं.

मृणाली, तू ते इंजेक्शन घेतलेलं नाहीस. तुला ते कधीच मिळालं नाही, आणि मिळू दिलं नाही ते मी.

तू नववीत होतीस. शाळेतून चिठ्ठी आली, अमुक दिवशी सगळ्या मुलांना टोचणार आहेत. त्याच आठवड्यात बायकांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरत होता, की या सुईने मुलींना पुढे मूल होत नाही. कुणी लिहिला, कुठून आला, मी विचारलंही नाही. दुसरी कुठली भीती असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा रीमाआत्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. कुणाची ओटी भरायची असली की बायका तिला हळूच आतलं काहीतरी काम काढून द्यायच्या. माझ्या ओटीभरणाला, तू पोटात असताना, तिला मागच्या पडवीत भाजी निवडायला बसवलं होतं. मी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसले होते. मला ती दिसत होती. मी तिला हाक मारली नाही. तो मेसेज वाचला आणि मला त्या पडवीत तू दिसलीस, भाजी निवडताना.

म्हणून मी शाळेत "मुलीला ताप आहे" अशी चिठ्ठी दिली आणि तुला चार दिवस अंबाडीला आत्याकडेच नेऊन ठेवलं. तुला वाटलं लाड चाललेत. आत्याला मात्र मी खरं सांगितलं होतं. ती माझ्यावर उसळली. "वहिनी, मला कुनी सुई टोचली व्हती का? न्हाय ना? तरी झालं का मला पोर? उगाच काय डोक्यात घेतलंस! ने पोरीला आनि टोचून आन." इतकं सरळ बोलली ती. स्वतःचं दुःख माझ्यापुढे मांडून तिने मला शहाणं करायचा प्रयत्न केला. आणि मला वाटलं, हिला काय कळतंय. आयुष्यात मी कुणाबद्दल इतका हलका विचार केला नसेल.

तू परत आलीस तर वर्गातल्या सगळ्यांच्या डाव्या अंगठ्यावर काळी खूण. इंजेक्शन झालेल्यांना ती करायचे. तू रडून गोंधळ घातलास, मलाच नाही, सगळ्या विचारतील. तुला खोकलाही होता. मी तुला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी खोकल्याचं इंजेक्शन दिलं, आणि रिक्षात बसल्यावर मी तुला म्हटलं, हेच ते. घरी येऊन बाबांचा मार्कर घेतला, कारखान्यात कापडाच्या ताग्यांवर नंबर टाकायचा, आणि तुझ्या अंगठ्यावर खूण केली. दोन दिवस तू तो अंगठा पाण्यापासून जपत होतीस. बाबांनी विचारलं, "झालं का इंजेक्शन?" तू अंगठा वर करून दाखवलास. मी भाकरी थापत होते.

उरलेल्या मुलांची यादी घेऊन आपल्या गल्लीतल्या राहीबाई, लसीकरण बघणाऱ्या आशा सेविका, घरी आल्या तेव्हा त्यांनाही मी तोच अंगठा दाखवला. आता परवा, बुधवारी, त्या पुन्हा आल्या. भाविकाचं त्यांच्या कानावर गेलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसल्या, चहा नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ताई, मृणालीचं नाव माझ्या राहिलेल्यांच्या यादीत होतं. तुम्ही दवाखान्यात दिलं म्हणालात, मी डॉक्टरचा कागद मागितला नाही. मागायला पाहिजे होता. माझंच चुकलं. पोरीचं ऐकल्यापासून घास उतरत नाही मला." नको म्हणाल्या तरी मी चहा ठेवला होता, तो गाळत होते. तिकडे दिघाशीत तू आणि इकडे ही परकी बाई, माझी चूक तुम्ही दोघींनी वाटून घेतली होती, आणि मी चहा गाळत होते. चहा ओट्यावर सांडला. मी राहीबाईंना तिथेच सगळं सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी ओट्यावरचा चहा फडक्याने पुसला. "मला सांगून काय उपयोग, ताई? पोरीला सांगा," एवढंच म्हणाल्या. आणि मग उरलेला चहा घेतला.

काल मी एकटीच ठाण्याला गेले आणि डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांनाही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, मग भाविकाच्या कागदांवर लिहून घेतलं. मी विचारलं, धागे कापल्याने काही होतं का? त्या म्हणाल्या, "आजी, नागपंचमीच्या तापातच जे व्हायचं ते झालेलं होतं. त्यानंतर महिन्याने तुमच्या मुलीने धागे कापले असोत नाहीतर अख्खं कापड, बाळाला काही फरक पडत नव्हता." पुढच्या वेळचंही मी विचारलं. हा ताप एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही, पुढच्या बाळाला याची भीती धरू नका, म्हणाल्या. भाविकाच्या हृदयाचा आवाज चांगला आहे. कानांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, त्यात काही निघालं तर त्यावरही उपाय आहेत, लवकर कळलं पाहिजे एवढंच. आणि उजव्या डोळ्याचं म्हणाल्या, आता याच्यापुढे ढकलू नका, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. उठताना त्यांनी विचारलं, "मुलीला सांगितलंत?" मी मान हलवली, नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. "माझाच मार्कर होता ना?" एवढं विचारलं आणि कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. मला वाटलं होतं ते रागावतील, मग माझंही थोडं हलकं होईल. ते रागावले नाहीत. आज सकाळी ड्युटीवर निघताना चपला घालता घालता म्हणाले, "फोन नको करूस. लिही. मी नेऊन देतो."

शांतीला माझा विरोध नाही, हे सासूबाईंना नक्की सांग. त्यांनी श्रद्धेने ठरवलीय. मला बोलावलं तर मीही नारळ घेऊन येईन आणि मागे बसेन. फक्त आधी मंगळवारी डोळा होऊ दे, मग शांती. देवाला अठरा दिवस थांबता येतं. भाविकाच्या डोळ्याला येत नाही.

मी तुझी माफी मागत नाही, कारण मागितली तर तू देऊन टाकशील. तू लहानपणापासून तशीच आहेस, समोरचा रडला की आपला राग खाली ठेवतेस. या वेळी ठेवू नकोस. तुला मूल व्हावं म्हणून मी जे केलं त्याने तुझ्या लेकराच्या डोळ्यांत काय आलं, याचा विचार मी रोज करते. तोही तुझ्यावर घालणार नाही, तो माझा आहे. तुझा गुन्हा एवढाच, की तू आईवर विश्वास ठेवलास. त्याला गुन्हा म्हणत नाहीत, बाय.

हे सगळं मी येऊन तुझ्या कानात सांगू शकले असते. पण मग ते आपल्या दोघींतच राहिलं असतं, तू मला सांभाळून घेतलं असतंस, आणि त्या घरात पोरीची नजर कापणारी तूच राहिली असतीस. म्हणून कागदावर लिहिलंय. हे पत्र तू एकटीने वाचून उशीखाली ठेवू नकोस. रविवारी बाबा तिथे असतील, तेव्हा प्रितेशरावांना ते मोठ्याने वाचायला सांग. सासूबाईंसमोर, एक ओळही न गाळता. त्या मला काय म्हणायचं ते म्हणतील, म्हणू देत. तू माझी बाजू घेऊ नकोस. त्यांनी मला बोलावं, तुला नाही, एवढ्यासाठीच मी हे लिहिलं. वाचून झालं की भाविकाला उचलून घे आणि तिच्याकडे नीट बघ. तुला लपावं लागेल असं तिच्या डोळ्यांत काही नाही. मंगळवारी सकाळी आठ वाजता मी ठाण्याला हॉस्पिटलच्या दाराशी उभी असेन. तिला माझ्याकडे द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नकोस. माझ्याशी बोलूही नकोस. माझ्या समोरून तिला घेऊन आत जा. मी बाहेर थांबेन.

तुझीच,
आई